ताईची उभी रेघ

भिंगरीला तिच्या हातांवरून जेवढी बोलणी बसली तेवढी दुसऱ्या कशावरूनही बसली नसतील. शाळेत बाकावर टकटक केली म्हणून, परीक्षेत पेनाचं टोपण चावून चपटं केलं म्हणून, पाहुण्यांकडे सोफ्याच्या उसवलेल्या शिवणीत बोट घालून ती वीतभर वाढवली म्हणून. आई गेल्यावर तिला वाढवलं ते थोरल्या बहिणीने, आणि भिंगरी हे नावही तिनेच ठेवलं. गंमत अशी की ताई ज्या कारखान्यात होती तिथेच पुढे भिंगरी चिकटली, आणि चिकटली ती नेमकी अशा कामाला, जिथे चुळबुळ्या हातांचीच गरज होती. नशिबालाही कधीमधी अक्कल सुचते.

कारखान्यात काचेच्या तारांना जोड बसवत. केसासारखी बारीक तार, तिच्यातून प्रकाश जातो, आणि तोही एकाच दिशेत थरथरणारा. उभा म्हणजे उभाच. वाटेत त्याने दिशा सोडू नये म्हणून तारेच्या पोटात काचेच्याच दोन बारीक सळया घातलेल्या असतात. तारेचं टोक सूक्ष्मदर्शकाखाली धरलं की त्या दोन काळ्या मण्यांसारख्या दिसतात. हे मणी जोडावरच्या खुंटीच्या रेषेत, बरोबर एकाखाली एक आणायचे आणि ग्लू घालून भट्टीत पक्के करायचे. हे ताईचं काम. जोड साच्यात बसवला की खुंटी वर धरलेली असते, पण भिंगातून ती दिसत नाही. दिसतो फक्त गोल अंधार आणि त्यात दोन मणी. म्हणून बाकीच्यांच्या भिंगात एक बारीक उभी रेघ कोरलेली होती. ताईने आपल्या भिंगातली रेघ केव्हाच काढून टाकली होती. "रेघ मध्ये आली की मण्याची कड झाकते," ती म्हणायची. उभं म्हणजे काय ते तिच्या डोक्यात होतं आणि तेवढं तिला पुरत होतं. तिचे नग सगळ्यांत नेमके असत, म्हणून अवघड ऑर्डरी तिच्याच टेबलावर येत.

तिथून नग मोजणीच्या खोलीत भिंगरीकडे यायचे. ती तारेत एका दिशेचा प्रकाश सोडायची आणि तो दुसऱ्या टोकाला कसा बाहेर पडतोय ते यंत्रावर बघायची. पडद्यावर एक गोळा आणि गोळ्यावर लाल ठिपका. तार नुसती पडून राहिली तर ठिपकाही एका जागी बसून राहतो, आणि मग यंत्र जो आकडा दाखवतं तो निव्वळ योगायोगाचा. म्हणून नियम असा की मोजताना तार तळव्यांत घ्यायची, ऊब द्यायची, जरा जरा ओढायची. मग ठिपका फिरायला लागतो आणि गोळ्यावर वर्तुळ काढतो. वर्तुळ लहान असेल तर जोड नेमका. मोठं असेल तर तिरका. किती तिरका आणि कुठल्या बाजूला, तेही कळतं. गप्प बसलेल्या तारेवर विश्वास ठेवायचा नाही, एवढंच त्या खोलीतलं शहाणपण होतं. भिंगरीचे हात स्वस्थ बसणारे नव्हतेच, त्यामुळे तिला ते शिकवावं लागलं नाही.

तर त्या दिवशी सकाळी तिने ताईचा नग तळव्यात घेतला आणि ठिपक्याने काढलेलं वर्तुळ नापास होण्याएवढं मोठं निघालं. तिने टोक पुसलं, पुन्हा लावलं. तेवढंच. दुसरा नग घेतला. तोही तसाच. तिसराही तसाच. ताईचा एखादा नग नापास होणं हीच बातमी होती. ओळीने तीन म्हणजे कुणाला सांगून पटलं नसतं.

काचेच्या दाराबाहेर साहेब कुणाशी तरी फोनवर बोलत होते. साहेब वाईट नव्हते, पण गेले कित्येक महिने त्यांच्या टेबलावर मणी आपोआप जुळवणाऱ्या मशीनचं रंगीत पुस्तक पडून होतं. "ताईंचा डोळा आहे तोवर हे मागायला मला वरच्यांपुढे तोंड नाही," असं ते हसत म्हणायचे. त्या हसण्याचा दुसरा अर्थ सगळ्यांना कळत होता. ताईने लग्न केलं नाही, घर केलं ते बहिणीसाठी, आणि स्वतःचं म्हणून जे काही होतं ते त्या खुर्चीत. खुर्ची गेली तर ताई कोण उरेल, हा विचार भिंगरीच्या मनात आला आणि ती घाबरली.

मग तिने आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. तार टेबलावर ठेवली आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली.

खोलीतल्या हवेने ठिपका आपला आपण सावकाश सरकत होता. सरकत सरकत तो एका बऱ्या जागी आला, आकडा चांगला दिसला, आणि तिने पटकन बटण दाबलं. नग पास झाला. आकडा खोटा नव्हता, यंत्रानेच दिला होता. भिंगरीने स्वतःची समजूत घातली की आजचा दिवस, ताई दमली असेल, उद्या नीट होईल.

उद्या काही नीट झालं नाही. परवाही नाही. भिंगरीने मग तपासणंच सोडून दिलं. ताईचा ट्रे आला की ती हात आवरून बसायची, ठिपका मनासारख्या जागी येईपर्यंत. दिवसभर आवरलेले हात घरी गेल्यावर सूड उगवायचे. ती वर्तमानपत्राच्या कडा फाडायची, चमच्याने टेबल वाजवायची, उठून नळ घट्ट आहे का बघायची, बसायची, पुन्हा उठायची.

"तुझ्या अंगात काय शिरलंय?" ताई विचारायची. "बस की जरा एका जागी."

"बसलेय की."

"याला बसणं म्हणतात? मला बघून बघून मळमळायला लागलं." ताईला हल्ली सकाळी खरंच मळमळायचं. पित्त झालंय म्हणायची आणि चहा कमी करायची.

त्यात त्या आरशाचा वैताग. बाहेरच्या खोलीत दाराशेजारी आरसा होता, एकाच खिळ्यावर टांगलेला. गेले काही दिवस तो रोज कलायचा. भिंगरी सकाळी निघताना सरळ करायची आणि संध्याकाळी पाहावं तर तो पुन्हा वाकडा. ती दाराला दोष द्यायची, वरच्या मजल्यावरच्या पोरांच्या धिंगाण्याला द्यायची. ताईसुद्धा कुरकुरायची की या घरात आरसा म्हणून सरळ राहत नाही. निदान या एका बाबतीत दोघी बहिणींचं एकमत होतं.

भिंगरीला स्वस्थ बसवेना तेव्हा तिने एक केलं. ताई जेवायला गेलेली असताना शेजारच्या टेबलावरच्या मुलीला तिने ताईच्या साच्यात दोन नग जुळवायला लावले, त्या मुलीच्याच रेघेच्या भिंगाखाली. भट्टीतून निघाल्यावर नीट ऊब देऊन मोजले. वर्तुळ वाटाण्याएवढं. म्हणजे साचा ठीक, खुंटी ठीक, ग्लू ठीक. मग कितीतरी दिवसांनी तिने ताईचा एक नग तळव्यात घेतला. वर्तुळ अजूनही मोठंच होतं, आणि कल डावीकडे. दुसरा, डावीकडे. तिसरा, डावीकडे. माणूस दमला की कधी इकडे चुकतो, कधी तिकडे. सगळं एकाच बाजूला चुकणं ही दमणूक नव्हती. भिंगरीच्या मनात पाल चुकचुकली, पण काय चुकतंय ते काही हाती लागेना.

ते हाती लागलं रविवारी. भिंगरी केस पुसत न्हाणीघरातून बाहेर आली, आणि ताई आरशापुढे उभी होती. आरसा सरळ होता. भिंगरीने तासाभरापूर्वीच केला होता. ताईने त्याच्याकडे बघून तोंड वाकडं केलं, दोन्ही हातांनी त्याची चौकट धरली आणि तो हळूच डावीकडे कलवला. एक पाऊल मागे गेली. डोळे बारीक केले. अजून केसभर कलवला. मग तिच्या चेहऱ्यावर ते समाधान आलं जे नग जमला की यायचं.

"आता कसं," ताई म्हणाली. "मेलं ते दार आपटून आपटून रोज वाकडा करतात."

भिंगरीच्या हातातला टॉवेल खाली पडला. दार कुणी आपटत नव्हतं. एक बहीण सरळ करत होती आणि दुसरी बहीणही सरळच करत होती.

डॉक्टरकडे जायला ताई तयार होईना. "आरसा वाकडा टांगला म्हणून डॉक्टर? सुताराकडे जा." भिंगरीने मळमळीचं निमित्त केलं, रडून दाखवलं, शेवटी रडणं खरंच आलं तेव्हा ताई चपला घालायला उठली.

कानाच्या आणि चक्कर येण्याच्या आजारांच्या त्या डॉक्टरबाई होत्या. त्यांनी ताईचे डोळे बघितले, तिला एका पायावर उभं केलं, मग कपाटामागून चक्क एक प्लास्टिकची बादली काढली. बादलीच्या तळाला आत एक जाड उभी रेघ, बाहेरच्या बाजूला कोनमापक आणि एक ओळंबा. ताईने बादलीत तोंड घालायचं, म्हणजे आजूबाजूचं काही दिसणार नाही. डॉक्टर बादली फिरवणार, आणि रेघ उभी वाटली की ताईने थांबा म्हणायचं.

"आमच्या भिंगासारखंच आहे," बादलीतून ताईचा आवाज आला.

भिंगरी कोनमापकाच्या बाजूला बसली होती. डॉक्टरांनी बादली फिरवायच्या आधीच तिला उत्तर माहीत होतं. ताईने थांबा म्हटलं, ओळंब्याचा दोरा स्थिर झाला, आणि डॉक्टर म्हणाल्या, "डावीकडे. चार अंशांच्या वर." त्यांनी चार-पाच वेळा केलं. दर वेळी तेच.

"पण मला काही वाकडं दिसत नाही," ताई म्हणाली. आवाजात तक्रार होती.

"दिसणार नाहीच. जग हळूहळू कललं तर माणूस त्याच्याबरोबर कलतो." डॉक्टरांनी बादली खाली ठेवली. "मला एकच सांगा. हे कधीपासून आहे? एका दिवसात झालं की वाढत गेलं? कानात बिघाड झाला असेल तर तो एकदम होतो आणि मग आपोआप कमी होत जातो. तसं असेल तर डोक्याच्या स्कॅनसाठी रांगेत थांबलात तरी चालेल. वाढत गेलं असेल तर मात्र मी तुम्हाला रांगेत बसवणार नाही, आजच्या आज मोठ्या हॉस्पिटलला फोन करेन."

"कसं सांगणार? मला आत्ता कळतंय," ताई म्हणाली.

भिंगरीची बोटं पर्सच्या चेनशी खेळत होती, पुढे, मागे, पुढे, मागे. ती उठली, बसली. या प्रश्नाचं उत्तर जगात एकाच ठिकाणी होतं. ताईने रोज ज्याला उभं म्हटलं ते दर नगात ग्लू घालून, भट्टीत पक्कं होऊन बसलं होतं. नग खोक्यांत होते, खोक्यांवर तारखा होत्या, आणि खोकी घेऊन जाणारी गाडी दुसऱ्या दिवशी येणार होती.

"ताईचे नग तिरके येताहेत," ती म्हणाली. "बरेच दिवस."

ताईने मान वळवली. "काहीतरी काय. माझे सगळे नग पास आहेत."

"मी केलेत."

"तू केलेस म्हणजे?"

"ऊब न देता. हात मांडीखाली घालून."

ताईला पुढचं सांगावं लागलं नाही. ती त्याच कारखान्यात केस पांढरे केलेली बाई होती. ती बहिणीकडे बघत राहिली आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. डोक्याच्या स्कॅनचं ऐकून उतरला नव्हता, तेवढा यावर उतरला.

"मग किती तिरके?" डॉक्टरांनी विचारलं. "आधी कमी होते का?"

"मला नाही माहीत," भिंगरी म्हणाली. "मधले मी बघितलेच नाहीत. बघायचं नव्हतं म्हणून तर तसं केलं."

तिथून कारखान्यात जाताना दोघी एकाच रिक्षात, पण दोन टोकांना. ताई रस्त्याकडे बघत म्हणाली, "पहिल्याच दिवशी मला सांगितलं असतंस तर काय झालं असतं?"

"खुर्ची गेली असती तुझी."

"खुर्चीच ना." ताईचा आवाज चिरकला. "लोकांच्या हातात माझं नाव लावून वाकडे नग द्यायला निघालीस. मला विचारलंस तरी का?"

भिंगरीने प्रेमापोटी केलं होतं हे खरं, पण ते त्या रिक्षात बोलून दाखवण्याची तिची हिंमत झाली नाही.

साहेबांपुढे बोलणं त्यामानाने सोपं गेलं. ते आधी भडकले, टेबलावर हात आपटला, तुम्हाला विश्वासाने त्या खोलीत बसवलं म्हणाले, उद्यापासून त्या खोलीत पाय ठेवायचा नाही म्हणाले. मग ताईकडे त्यांचं लक्ष गेलं. ती दाराशी भिंत धरून उभी होती. साहेबांनी ब्लेड घेतलं आणि खोक्यांच्या पट्ट्या स्वतः कापल्या.

भिंगरी यंत्रापुढे बसली. शेजारची खुर्ची ओढून ताई बसली. "मी देते एकेक," ती म्हणाली. "तारखेने. तू ऊब दे. माझ्यासमोर दे."

पहिल्या खोक्यातला, त्या सकाळच्या आधीचा नग. भिंगरीचे हात थंडगार पडले होते, त्यांच्यात ऊब कुठली असायला. तिने ते एकमेकांवर चोळले, तार तळव्यात घेतली. ठिपका हलला, फिरला, आणि वर्तुळ काढून जागच्या जागी आला. छोटंसं, जुन्या ताईचं वर्तुळ.

"हा चांगला आहे," साहेब मागून म्हणाले.

"पुढचा," ताई म्हणाली.

पुढचा जरा मोठा. त्यापुढचा आणखी. भिंगरीला वाटत होतं की मधेच कुठेतरी वाढ थांबावी. एकदम उडी मारून मग कमी व्हावी. कानाचा बिघाड असावा, साधा, रांगेत थांबण्यासारखा. प्रत्येक नगाला ती मनातल्या मनात विनवत होती आणि प्रत्येक नग थोडा थोडा डावीकडे जात होता. कुठेही उडी नव्हती. ठिपका फिरत होता, वर्तुळं वाढत होती, आणि ताई पडद्याकडे अशी बघत होती जशी ती दुसऱ्या कुणाचा ट्रे बघायची, कडक नजरेने, एकही सूट न देता.

शेवटच्या खोक्याला हात घालायच्या आधी ताईने बहिणीच्या मुठी आपल्या हातात धरल्या, तारेसकट. "पुरे," ती म्हणाली. "वाढतंय. फोन कर बाईंना."

फोनवर बोलताना भिंगरी रडली नाही. आकडे नीट वाचून दाखवले, पहिल्यापासून.

गाठ लहान होती. डोक्यात मागे, लहान मेंदूच्या कडेला, हळूहळू वाढणारी. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं की वेळेत आलात, पण ऐन वेळेत म्हणता येणार नाही. थोडं आधी आला असतात तर काम सोपं होतं. ते त्यांनी सहज सांगितलं. भिंगरीने ते ऐकून घेतलं आणि त्यानंतर कित्येक दिवस तेच एक वाक्य तिला जेवू देईना.

मशीन आलं. ताईच्या खुर्चीच्या जागी बसलं. भिंगरी पॅकिंगला गेली, तिथे हातांना भरपूर काम होतं. ताई घरी होती, काठीने चालायची, डोक्याला रुमाल बांधून खिडकीशी बसायची. आजार, हॉस्पिटल, जेवण, औषधं यांवर दोघी बोलायच्या. नगांचं नाव कुणी काढत नव्हतं. ताईच्या बोलण्यात आधीसारखा टोमणा नव्हता, आणि टोमणा नसला की भिंगरीला घर परकं वाटायचं.

एका संध्याकाळी भिंगरी घरी आली तर ताईने न्हाणीघरातली बादली रिकामी करून, पुसून टेबलावर आणून ठेवली होती. तळाला आतून काळ्या चिकटपट्टीची एक रेघ. बाहेर भिंगरीचा शाळेतला कोनमापक चिकटवलेला आणि बटण बांधलेला दोरा.

"फिरव," ताई म्हणाली आणि तिने बादलीत तोंड घातलं.

भिंगरीने बादली धरली. मग फिरवली, सावकाश, एका बाजूने दुसऱ्या बाजूला.

"थांब," ताईचा आवाज घुमला. "ही उभी. बघ किती."

बटण डोलत होतं. भिंगरीने ते थांबायची वाट पाहिली. शून्यावर थांबावं असं तिला फार वाटत होतं. ते थांबलं शून्याच्या अलीकडेच. नाही म्हणायला जवळ होतं. ताईला आतून काही दिसत नव्हतं, आणि शून्य म्हणायला एकच शब्द लागला असता.

"दीड," भिंगरी म्हणाली. "डावीकडे."

मग ताईने तोंड बाहेर काढलं. गालांवर बादलीची कड उमटली होती. तिने डोळे पुसले आणि बहिणीकडे नीट बघितलं, पुष्कळ दिवसांनी.

"दीड तर दीड," ती म्हणाली. "जा, आता तो आरसा तू सरळ कर. मी हात लावणार नाही."